सॅम्युएल कोल्ट : बळ आणि पात्र

दिवाळीच्या दिवसांत आपल्या गल्लींतील मुलें एक खेळ खेळतात. फटाक्याची वात पेटवून ते त्यावर पत्र्याचा डबा उपडा घालतात. फटाका उडाला कीं डबा उंच जाऊन खणखणत खालीं येतो. तोच खेळ कोणी मातीचें मडकें घालून केला, तर मडक्याच्या ठिकऱ्या होतात आणि एखादी ठिकरी डोळ्यास लागून जन्माचें दुःख पदरीं येतें. दारू तीच आणि वातही तीच. परंतु पात्र निराळें. कोंडलेलें बळ सोसणारें पात्र कोणतें आणि पात्रास सोसेल असें बळ किती, हा प्रश्न दिसावयास लहान आहे. या प्रश्नाशीं जन्मभर झुंजलेल्या एका पुरुषाचें चरित्र आज आमच्या बालवाचकांपुढें व त्यांच्या वडील मंडळींपुढें ठेवण्याचें योजिलें आहे. त्याचें नांव सॅम्युएल कोल्ट. एकदां भरून पांच-सहा बार काढतां येणारें फिरत्या कोठ्यांचें पिस्तूल, ज्यास आपण रिव्हॉल्वर म्हणतों, तें जगभर पसरविणारा गृहस्थ तो हाच.

सॅम्युएलचा जन्म अमेरिकेंतील कनेक्टिकट संस्थानांत हार्टफर्ड या गांवीं ता. १९ जुलै १८१४ रोजीं झाला. त्याचे वडील ख्रिस्तोफर कोल्ट हे व्यापारी होते. घरची स्थिति एके काळीं चांगली होती. परंतु व्यापार बुडाला आणि पाठोपाठ मुलाच्या सातव्या वर्षाच्या सुमारास आई सारा ही क्षयानें वारली. वडिलांनीं पुढें दुसरें लग्न केलें. अकराव्या वर्षीं सॅम्युएलला ग्लास्टनबरी येथील एका शेतकऱ्याच्या घरीं कामास ठेवण्यांत आलें. तेथें दिवसा गुरांची व शेताची कामें करून तो शाळेंत जाई. शास्त्रीय माहितीचें एक जाडजूड पुस्तक त्याच्या हातीं पडलें आणि त्यांतील बंदुकीच्या दारूची व विजेची प्रकरणें त्यानें पुनः पुनः वाचून काढलीं. मातृसुखास मुकलेल्या त्या मुलास या पुस्तकानें जणूं एक सोबतीच दिला.

पंधराव्या वर्षीं तो वेअर गांवीं वडिलांच्या कापडाच्या गिरणींत आला. तेथील रसायनें व यंत्रें पाहून त्याच्या प्रयोगांस ऊत आला. इ. स. १८२९ च्या ४ जुलै रोजीं, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनीं, तळ्यांत तराफा ठेवून तो पाण्याखालील सुरुंगानें उडवून दाखवीन अशी त्यानें गांवभर जाहिरात केली. सुरुंग उडाला खरा. पण तराफा बाजूस राहिला आणि सणाचे कपडे घालून जमलेल्या मंडळींच्या अंगावर तळ्यांतील चिखलाचा वर्षाव झाला. लोक चिडून त्याच्या अंगावर धांवले, तेव्हां एलिशा रूट नांवाच्या एका तरुण यंत्रकारानें त्यास वांचविलें, असें सांगतात. या रूटचें नांव वाचकांनीं ध्यानांत ठेवावें; पुढें त्याची पुन्हां गांठ पडावयाची आहे. यानंतर सॅम्युएलला अॅमहर्स्ट येथील शाळेंत घातलें. परंतु तेथेंही दारूच्या उद्योगापायीं त्याचें शिक्षण संपुष्टांत आलें. आतां वडिलांनीं निराळाच उपाय केला. मुलास खलाशी करून समुद्रावर धाडलें.

या प्रवासाची हकीकत आपल्या दृष्टीनें विशेष मनोरंजक आहे. ज्या कोर्व्हो नांवाच्या जहाजावर सोळा वर्षांचा सॅम्युएल चढला, तें इ. स. १८३० च्या ऑगस्टच्या आरंभीं बोस्टन बंदरांतून कलकत्त्यास निघालें होतें. त्याच जहाजावर अमेरिकन मिशनचीं तीन तरुण दांपत्यें हिंदुस्थानांत येण्यास निघालीं होतीं. हर्व्ही, रीड व रॅम्से हीं त्यांचीं नांवें. हीं मंडळी पुढें १८३१ सालीं मुंबईस पोहोंचली आणि त्या वर्षाच्या अखेरीस हर्व्ही व रीड यांनीं ग्रेव्ह्ज यांच्यासह अहमदनगर येथें मिशनचें ठाणें घातलें. हर्व्ही दुसऱ्याच वर्षीं नगर येथें मरण पावले. एका गलबताच्या फळ्यांवर मराठी मुलुखांत शाळा काढावयास निघालेले शिक्षक आणि जगास रिव्हॉल्वर देणारा पोरसवदा खलाशी हे महिनोन् महिने एकत्र राहिले. एकच वारा दोघांच्या शिडांत भरला होता. परंतु ते किती निराळ्या दिशांस गेले!

या सफरींत सॅम्युएलनें चाकूनें लांकूड कोरून एका पिस्तुलाचा नमुना तयार केला. जहाजाच्या सुकाणूचें चाक, किंवा नांगर ओढण्याचा रहाट फिरतांना व ठराविक ठिकाणीं अडकतांना पाहून त्यास ही कल्पना सुचली, असें पुढें सांगण्यांत येऊं लागलें. कांहीं इतिहासकारांचा तर्क असा कीं, एलिशा कॉलियर नांवाच्या अमेरिकनानें पूर्वींच केलेलीं फिरतीं पिस्तुलें इंग्रज सैनिकांपाशीं होतीं आणि तीं या मुलानें कलकत्त्यास पाहिलीं असावींत. तें कसेंही असो. फिरत्या शस्त्राची कल्पना जगांत अगदीं नवी नव्हती आणि प्रौढपणीं खुद्द कोल्टनेंही तें मान्य केलें. त्याची कर्तबगारी ती कल्पना कामास येईल अशी करण्यांत होती.

त्या काळची अडचण काय होती तें आधीं समजून घेऊं. तेव्हांचें पिस्तूल ठासणीचें असे. नळींत दारू घाला, वर गोळी ठासा, घोडा चढवा आणि चाप ओढा. एक बार झाला कीं पुन्हां पहिल्यापासून सारें करा. घोड्यावर बसलेल्या माणसास तर हें फारच कठीण. कोल्टनें नळीच्या मागें लोखंडाचें एक जाड वाटोळें चक्र बसविलें व त्यास पांच कोठ्या पाडल्या. प्रत्येक कोठींत दारू व गोळी भरावयाची आणि मागच्या टोंकास स्फोटक पदार्थाची तांब्याची टोपी बसवावयाची. घोडा चढवितांच चक्र एक घर पुढें सरके व नवी कोठी नळीच्या बरोबर मागें येऊन घट्ट अडके. घोडा पडला कीं टोपी पेटे आणि बार होई.

परंतु कल्पना कागदावर उतरली म्हणजे ती धातूंत उतरलीच असें नव्हे. वडिलांनीं पैसे दिले आणि हार्टफर्डच्या अॅन्सन चेझ नांवाच्या कारागिराकडून एक पिस्तूल व एक बंदूक करविली. बंदूक ठीक चालली. परंतु पिस्तूल पहिल्याच बारास फुटलें. वडिलांनीं हात आखडता घेतला. येथें सॅम्युएलला आयुष्यांतील पहिला धडा मिळाला : दारूचा वायु कोणाची भीड धरीत नाहीं. कोठीची भिंत त्यास पुरी पडली तर तो गोळीस पुढें ढकलतो. न पडली तर भिंतच फोडतो.

पैसे मिळविण्यासाठीं त्यानें विलक्षण वाट धरली. हुंगल्यानें हंसूं येणारा नायट्रस ऑक्साइड वायु त्या काळीं नवलाचा होता. सॅम्युएलनें त्याचे जाहीर प्रयोग गांवोगांव करून दाखविण्यास आरंभ केला. अठराव्या-एकोणिसाव्या वर्षीं तो स्वतःस न्यूयॉर्क, लंडन व कलकत्ता येथील डॉक्टर कोल्ट म्हणवून घेई! तो डॉक्टर नव्हता आणि कलकत्ता त्यानें पाहिलें तें खलाशी म्हणून. चरित्रनायकाचा हा खोटेपणा आम्ही झांकून ठेवीत नाहीं. मात्र त्या खेळांतून मिळालेले पैसे त्यानें चैनींत न उडवितां बाल्टिमोरच्या जॉन पिअर्सन नांवाच्या कुशल कारागिराकडून नवे नमुने करवून घेण्यांत घातले. इ. स. १८३५ त इंग्लंडचें आणि ता. २५ फेब्रुवारी १८३६ रोजीं अमेरिकेचें पेटंट त्यास मिळालें. त्या वेळीं तो अवघा एकवीस वर्षांचा होता.

लागलीच न्यू जर्सी संस्थानांतील पॅटर्सन येथें भागीदारीचा कारखाना निघाला. तेथील पांच बारांचीं पिस्तुलें नाजूक होतीं. त्यांची गोळी लहान व दारूचा भारही थोडा. कित्येकदां एका कोठीची ठिणगी शेजारच्या कोठींत शिरून दोन-तीन बार एकदम होत. लष्करी अधिकाऱ्यांस हें शस्त्र भरवशाचें वाटेना. अखेर १८४२ सालीं कारखाना बंद पडला. पुढें चार-पांच वर्षें कोल्टनें पाण्याखालील सुरुंग आणि तारायंत्राच्या पाण्यांत टिकणाऱ्या तारा यांचे उद्योग केले. ज्या शस्त्रासाठीं त्यानें तारुण्य वेंचलें, तें कोणीही करीनासें झालें.

परंतु पॅटर्सनचीं कांहीं पिस्तुलें टेक्सासकडे गेलीं होतीं. इ. स. १८४४ च्या जूनमध्यें जॅक हेज नांवाच्या नायकाच्या हाताखालीं पंधराएक घोडेस्वारांनीं कोमांची जमातीच्या कितीतरी मोठ्या टोळीशीं सामना केला तो याच पिस्तुलांच्या जोरावर. येथें एक गोष्ट सांगितली पाहिजे. कोमांची लोक स्वतःच्या शिकारीच्या मुलुखासाठीं लढत होते. गोऱ्या स्वाराचा एक बार होऊन तो पुन्हां भरीपर्यंत कोमांची वीर कित्येक बाण सोडी. त्याच्या हातीं ही एवढीच सवड होती. कोल्टच्या चक्रानें ती सवड नाहींशी केली. एकाची सुरक्षितता ती दुसऱ्याची भूमि जाण्याचें कारण झाली, हें शस्त्रांचा इतिहास वाचतांना विसरतां येत नाहीं.

त्या लढाईंत जखमी झालेल्यांपैकीं सॅम्युएल वॉकर हा एक होता. १८४६ सालीं अमेरिका व मेक्सिको यांचें युद्ध सुरू झालें आणि वॉकर कॅप्टन होऊन सैन्यभरतीसाठीं पूर्वेकडे आला. कोल्टनें त्याच्याशीं पत्रव्यवहार सुरू केला. पॅटर्सनचें पिस्तूल लढाईंत उपयोगी पडलें, परंतु त्यांत सुधारणा पाहिजेत, असें वॉकरचें मत पडलें. त्यास पांचाऐवजीं सहा बार हवे होते. गोळी जाड, चाप उघडा, बनावट साधी व दणकट आणि मार इतका जोराचा हवा होता कीं एका गोळीनें माणूस किंवा घोडाही पडावा. दोघांनीं मिळून नवा नमुना ठरविला. जानेवारी १८४७ मध्यें सरकारनें दर नगास २५ डॉलर याप्रमाणें एक हजार पिस्तुलांची मागणी केली. कोल्टपाशीं ना कारखाना होता ना हत्यारें. त्यानें एली व्हिटनी धाकटा याच्या कारखान्यांत तीं करविलीं. सरकी काढण्याचें यंत्र शोधून काढणाऱ्या सुप्रसिद्ध व्हिटनीचा हा मुलगा.

हें वॉकर पिस्तूल म्हणजे हातांत धरण्याची तोफच होती. त्याची लांबी सुमारें साडेपंधरा इंच, त्यांत नळी नऊ इंचांची. वजन ४ पौंड ९ औंस, म्हणजे आपल्या जुन्या मापानें सव्वादोन शेरांच्या आसपास. कमरेस लावण्याजोगें तें नव्हतेंच. खोगिराच्या दोन्ही बाजूंस पिशव्या करून जोडीनें वागवावें लागे. गोळीचें माप ०.४४ इंच. एकेका कोठींत ६० ग्रेन दारू मावे. साठ ग्रेन म्हणजे तोळ्याचा तिसरा हिस्सा. हा भार त्या काळच्या लष्करी बंदुकीच्या भारास जवळ जाणारा होता. हातांत धरण्याच्या शस्त्रांत इतका मोठा भार पूर्वीं क्वचितच कोणी घातला असेल.

आणि येथेंच दिवाळीच्या मडक्याची गोष्ट पुन्हां घडली. युद्धभूमीवरून बातम्या येऊं लागल्या कीं पिस्तुलांचीं चक्रें फुटतात. कित्येक पिस्तुलें दुरुस्तीस परत आलीं. असें कां व्हावें? याचीं कारणें नीट पाहिलीं म्हणजे शस्त्र व त्याचा बार यांचा मेळ कसा बसवावा, हें आपोआप ध्यानांत येतें.

पहिलें कारण धातु. चक्र घडीव लोखंडाचें होतें. असें लोखंड वाकतें, चटकन तडकत नाहीं, हा त्याचा गुण. परंतु भट्टींतील मळीचे धागे त्यांत राहून जातात आणि अशा धाग्याच्या रेषेंत तें दुबळें असतें. एक चक्र टिके व तशाच मापाचें दुसरें फुटे, याचें एक कारण हें होतें. दुसरें कारण आकार. एका चक्रास सहा भोकें पाडलीं म्हणजे भोंवतीं व मधल्या भिंतींस धातु थोडाच उरतो. भोंक जितकें रुंद तितका आंतील वायूचा भिंतीवरील ताण अधिक आणि तेवढ्यानेंच भिंत पातळही होते, हानि दुहेरी. तिसरें कारण दारू. काळी दारू एकाच जातीची नसते. बारीक कणांची दारू लवकर जळते व दाब एकदम चढतो. जाड कणांची सावकाश जळते. लढाईच्या धांदलींत मिळेल ती दारू, हाताला येईल तितकी, कोठी भरेतोंवर घातली जाई. चौथें कारण गोळी. वाटोळ्या गोळीऐवजीं निमुळती लांब गोळी घातली तर ती वजनानें जड असते. जड गोळी हलावयास वेळ घेते. तितका वेळ वायु कोंडून राहतो व दाब वाढतो. त्यांतून कित्येक शिपाई ही गोळी उलटी, म्हणजे टोंक मागें करून ठाशीत, असेंही म्हणतात. त्यामुळें कोठींत ठरल्याहून अधिक दारू मावे.

आणखी एक खोड होती. गोळी ठासण्याचा दांडा नळीखालीं असे. जबर बाराच्या धक्क्यानें तो निसटून खालीं लोंबे आणि चक्र अडवून धरी. चक्र फुटलें नाहीं तरी ऐन प्रसंगीं पिस्तूल मुकें होई. अनुभवी स्वार हा दांडा वादीनें बांधून ठेवीत. म्हणजे मोठ्या भारानें केवळ कोठीचीच नव्हे, तर शस्त्राच्या प्रत्येक खिळ्याची व सांध्याची परीक्षा होते.

ज्याच्या आग्रहानें हें शस्त्र जन्मास आलें, त्या वॉकरला त्याची जोडी मिळाली ती १८४७ च्या ऑक्टोबरांत. आणि त्याच महिन्याच्या ९ तारखेस वामांतला येथील चकमकींत तो पडला. त्याचें वय तीस-बत्तीस वर्षांचें होतें. आपल्या नांवाच्या पिस्तुलाचे गुणदोष पारखण्यास त्यास पुरता आठवडाही मिळाला नाहीं.

कोल्टपुढें आतां दोन मार्ग होते. दोष शिपायांच्या माथीं मारून मोकळें व्हावें, हा एक. दोष शस्त्रांत व भारांत कोठें आहे तें शोधून सुधारावें, हा दुसरा. बढाईखोर म्हणून ज्याची ख्याति होती, त्या कोल्टनें या वेळीं दुसरा मार्ग धरला. १८४८ सालीं निघालेलें ड्रॅगून नांवाचें पिस्तूल पहा. गोळीचें माप तेंच, परंतु चक्राची लांबी कमी केली. त्यामुळें कोठींत पन्नास ग्रेनांहून अधिक दारू मावेना. नळी साडेसात इंचांवर आणली, वजन चार पौंडांच्या किंचित् वर ठेवलें आणि ठासण्याच्या दांड्यास खिटी बसविली. या सुधारणेंतील मर्म असें : अमुकहून अधिक दारू घालूं नका, अशी सूचना छापून तो थांबला नाहीं, अधिक दारू मावणारच नाहीं अशी कोठीच त्यानें केली. गोंधळलेल्या, भ्यालेल्या किंवा अडाणी माणसाच्या हातूनही चूक होऊं नये, अशी योजना वस्तूच्या घडणींतच करणें हें उत्तम कारागिराचें लक्षण होय.

यानंतर कोल्टचें दैव फळफळलें. त्यानें हार्टफर्ड येथें स्वतःचा कारखाना काढला व १८४९ सालीं त्याचें सर्व काम एलिशा रूटच्या हातीं सोंपविलें. चिखलांत माखलेल्या गांवकऱ्यांपासून ज्यानें त्यास सोडविलें, तोच हा रूट. त्यानें अशीं यंत्रें बसविलीं कीं, एका पिस्तुलाचा भाग दुसऱ्यास बहुतांशीं जसाच्या तसा बसावा. १८५१ सालीं लंडनच्या जगप्रसिद्ध प्रदर्शनांत कोल्टचीं पिस्तुलें झळकलीं. त्याच वर्षीं तेथील सिव्हिल इंजिनिअरांच्या संस्थेपुढें त्यानें यंत्रांनीं शस्त्रें करण्याच्या रीतीवर निबंध वाचला आणि त्याबद्दल त्यास टेलफर्ड पदक मिळालें. ज्यास शाळेंतून बाहेर पडावें लागलें होतें, त्याचा निबंध विद्वान् यंत्रविशारदांनीं कान देऊन ऐकला!

इंग्लंडांत मात्र त्यास रॉबर्ट अॅडम्स हा तोलाचा प्रतिस्पर्धी भेटला. कोल्टच्या पिस्तुलाचा सांगाडा वरून उघडा असे. नळी एका पाचरीनें अडकविलेली असे. अॅडम्सनें चक्राच्या वरूनही धातूची पट्टी घेऊन सांगाडा अखंड केला. दरवाजाच्या चौकटीस वरचें लांकूड असावें तसें. जोराचा भार सोसण्यास ही घडण अधिक बळकट. कोल्ट मात्र बहुतेक पिस्तुलांत आपल्या रीतीस चिकटून राहिला. अखंड चौकटीचें सुप्रसिद्ध पिस्तूल त्याच्या कंपनीनें काढलें तें १८७३ त, त्याच्या मरणानंतर अकरा वर्षांनीं. चांगल्या कारागिरासही आपल्या पहिल्या कल्पनेचा मोह सुटत नाहीं तो असा.

धातूच्या बाबतींत मात्र तो पुढें जात राहिला. १८६० सालच्या लष्करी पिस्तुलांत त्यानें घडीव लोखंडाऐवजीं निवडक चिवट पोलाद वापरलें. त्यामुळें ०.४४ इंचाचीच गोळी पावणेतीन पौंडांच्या आंतील पिस्तुलांतून निर्धास्तपणें झाडतां येऊं लागली. दारूचा भार वॉकरहून बराच कमी होता. परंतु शस्त्र कमरेस लावण्याजोगें झालें आणि नेम सुधारला. तेरा वर्षांपूर्वीं जें काम सव्वादोन शेर लोखंडास सुखरूप करवलें नाहीं, तें त्याहून पुष्कळ हलक्या पोलादानें केलें. जडपणा म्हणजे बळकटी नव्हे, हें यावरून दिसून येतें.

हार्टफर्ड येथें नदीकांठीं बांध घालून त्यानें १८५५ त प्रचंड कारखाना उभारला. कामाचे तास दहा ठरविले, कामगारांसाठीं घरें व वाचनाची, करमणुकीची सभागृहें बांधलीं. १८५६ त रेव्हरंड विल्यम जार्व्हिस यांची कन्या एलिझाबेथ हिच्याशीं त्याचा विवाह झाला. परंतु त्याच्या धंद्याची दुसरी बाजूही आहे. मोठमोठ्या अधिकाऱ्यांस सोन्याच्या नक्षीचीं पिस्तुलें नजर करून तो मागण्या मिळवी. एका राजास दुसऱ्याची भीति घाली आणि दुसऱ्यास पहिल्याची. अमेरिकेंत गुलामगिरीच्या प्रश्नावरून यादवी पेटण्याची चिन्हें दिसत असतां त्यानें उत्तर व दक्षिण अशा दोन्ही पक्षांस शस्त्रें विकलीं, आणि १८६१ च्या एप्रिलमध्यें युद्धास तोंड लागेपर्यंत दक्षिणेकडील विक्री चालूच होती. कोठींत किती दारू घालावी हें ज्यास नेमकें कळलें, त्यास शस्त्र कोणाच्या हातीं द्यावें याचें माप कधीं सांपडलें असें दिसत नाहीं.

रात्रंदिवस काम, दगदग व संधिवाताची व्यथा यांनीं शरीर जर्जर झालें. ता. १० जानेवारी १८६२ रोजीं, वयाच्या अवघ्या सत्तेचाळिसाव्या वर्षीं, सॅम्युएल कोल्ट मरण पावला. त्याच्या हयातींत त्याच्या कारखान्यांतून चार लाखांहून अधिक शस्त्रें बाहेर पडलीं होतीं आणि मागें राहिलेली संपत्ति दीड कोटि डॉलरांची मानतात. मनुष्याचा देहही एक कोठीच आहे. तिच्यांतही मावेल तितकाच भार घालावयाचा असतो.

त्याच्या मागून विद्या पुढें गेली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस धूर न होणारी नवी दारू आली. तिचा दाब काळ्या दारूहून कितीतरी जबर. कोल्ट कंपनीनें १८७३ च्या नमुन्यास नव्या दारूची हमी दिली ती १९०० च्या सुमारास, धातु सुधारल्यावर. त्यापूर्वींच्या पिस्तुलांस ती दारू वर्ज्यच. १९३५ त अमेरिकेंत मॅग्नम नांवाचें विशेष जोराचें काडतूस निघालें, तेव्हां जाणत्यांनीं एक युक्ति केली. त्या काडतुसाची नळी जुन्या त्याच मापाच्या काडतुसाहून सुमारें अष्टमांश इंच लांब ठेवली. हेतु हा कीं, तें जुन्या दुबळ्या पिस्तुलाच्या कोठींत शिरूंच नये. ड्रॅगूनची कोठी आंखूड करण्यांत कोल्टनें जें शहाणपण दाखविलें, तेंच येथें उलट बाजूनें वापरलें. म्हणूनच जाणता मनुष्य शस्त्र निवडतांना आधीं मार किती असें न विचारतां, हें पोलाद कोणतें, तें कोणत्या भारासाठीं घडविलें व तपासलें आहे, आणि काडतुसावरील खूण नळीवरील खुणेशीं जुळते कीं नाहीं, हें पाहतो. गोळी कोठींत बसली म्हणजे ती त्या शस्त्राची झाली, असें नव्हे.

कोल्टच्या पत्नीच्या वांट्यास दुःख फार आलें. तिचीं चार मुलें लहानपणींच गेलीं होतीं. १८६४ त कारखान्याचा मोठा भाग आगींत भस्म झाला. त्या बाईनें तो पुन्हां उभारला, आणि पति व मुलें यांच्या स्मरणार्थ कामगारांच्या वस्तींत उत्तम मेंढपाळाच्या नांवानें एक सुंदर चर्च बांधलें. त्याचें समर्पण १८६९ त झालें. त्या चर्चच्या एका दरवाजाभोंवतीं दगडांत नेहमींच्या वेलबुट्टीबरोबर पिस्तुलें व त्यांचे सुटे भाग कोरलेले आहेत. कामगार याच दारानें आंत येत. कोणास ती शोभा वाटेल, कोणास खेद वाटेल. परंतु त्या दाराशीं क्षणभर उभें राहणाऱ्यास कोर्व्हो जहाजाची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं. त्याच्या फळ्यांवर एका कोपऱ्यांत प्रार्थना चाललेली असे आणि दुसऱ्या कोपऱ्यांत एक पोरका मुलगा चाकूनें लांकडाचें चक्र कोरीत बसलेला असे.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकीं बहुतेकांस पिस्तूल हातीं धरण्याचा प्रसंग येणार नाहीं, आणि न आलेलाच बरा. परंतु वाफेचें इंजिन, विजेची तार, औषधाची बाटली आणि स्वयंपाकघरांतील भांडें या सर्वांस कोल्टचा प्रश्न लागू आहे. बळ वाढविण्यापूर्वीं पात्र तपासा. आणि पात्र भक्कम निघालें, तर आणखी एक प्रश्न उरतो, जो त्यानें स्वतःस पुरेसा विचारला नाहीं : हें बळ कोणाच्या हातीं व कोणत्या कामीं जाणार? त्याचें उत्तर शोधण्यासाठींच शाळा असते.